वकिलातीचं दार

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘पहारा’ हा विषय दिला. सीमेवरच्या, धरणावरच्या, सोसायटीच्या फाटकावरच्या पहाऱ्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी निवडला परक्या देशातल्या आपल्या वकिलातीचा पहारा. आणि तो समजून घ्यायला सुरुवात केली ती दिल्लीत नव्हे, पिंपरीच्या संत तुकाराम नगरात.

संत तुकाराम नगरचं घर आणि कीव्हचा दूतावास

संत तुकाराम नगर मेट्रो स्थानकातून खाली उतरलं की हाकेच्या अंतरावर सगळं येतं. वल्लभनगरचं एसटी स्थानक, वायसीएम रुग्णालय, डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालयाच्या इमारती, आचार्य अत्रे रंगमंदिर, म्हाडाच्या जुन्या चाळवजा इमारती आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले नवे टॉवर. एचए कंपनीच्या आणि एमआयडीसीच्या नोकऱ्यांवर ही वस्ती वाढली. पहिली पिढी कामगारांची, दुसरी इंजिनियरांची. तिसरीतली मुलं जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपिन्स अशी कुठे कुठे एमबीबीएसला गेलेली. वायसीएमसमोरच्या औषधांच्या दुकानांच्या रांगेत उभं राहून बोललं, तर दर चार-पाच घरांत कुणी ना कुणी बाहेरदेशी असल्याचं कळतं. चाकणच्या कारखान्यातून मशीन बसवायला आखातात किंवा आफ्रिकेत जाणारे तंत्रज्ञ वेगळेच.

२०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या युक्रेन युद्धाच्या दिवसांची आठवण इथे अजून निघते. एका काकूंनी त्यांच्या फोनमध्ये जपून ठेवलेला फोटो दाखवला. २ मार्चला कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने काढलेली सूचना होती ती. खारकीव्हमधल्या भारतीयांनी ताबडतोब शहर सोडावं, गाडी मिळत नसेल तर चालत निघावं आणि संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठावं. भाचा तेव्हा खारकीव्हला होता. “ही गावं कुठे आहेत ते आम्हाला माहीत नव्हतं. पण कुणीतरी जबाबदार माणूस सांगतोय एवढं कळत होतं,” काकू म्हणाल्या.

हे सांगणारा दूतावास त्या वेळी स्वतः वेढा पडू पाहणाऱ्या शहरात होता. महिन्याच्या मध्याला तो तात्पुरता पोलंडला हलवला गेला आणि मे महिन्यात पुन्हा कीव्हला परतला. तोवर ‘ऑपरेशन गंगा’मधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी आले होते. युद्धात सापडलेल्या मुलाच्या घरी दूतावास म्हणजे एक फोन नंबर असतो. तो नंबर उचलणारा माणूस जिवंत राहावा, त्याचं कार्यालय शाबूत राहावं, यासाठी काय काय करावं लागतं, याचा शोध घेत मी निघालो. पहिलं उत्तर पुण्यातच मिळालं.

पुलावरचं नाव

संत तुकाराम नगरहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे मार्गिका बदलून नळ स्टॉप आणि पुढे पायी म्हात्रे पूल. एरंडवण्याची बाजू आणि नवी पेठ-दत्तवाडीची बाजू जोडणारा मुठेवरचा हा पूल पुणेकराच्या रोजच्या बोलण्यात असतो. ‘म्हात्रे पुलाजवळचं लॉन’ हा लग्नपत्रिकेतला नेहमीचा पत्ता. पुलाच्या कठड्याशी थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, “म्हात्रे कोण?” कुणी म्हणालं नगरसेवक असतील, कुणी म्हणालं स्वातंत्र्यसैनिक. सेनादत्त चौकीकडून आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मात्र दुचाकी बाजूला घेतली आणि म्हणाले, “इंग्लंडमध्ये मारलं ना त्यांना, चौऱ्याऐंशी साली.”

रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारताच्या सहायक उच्चायुक्तालयात अधिकारी होते. वय ४८. ते राजदूत नव्हते, त्यांच्याभोवती रक्षक नव्हते. ३ फेब्रुवारी १९८४ च्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे बसने घरी निघाले. बार्टली ग्रीन भागात उतरले तेव्हा हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. तिथेच त्यांना गाडीत कोंबून पळवलं गेलं. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ या नावाने लंडनमधल्या रॉयटर्सच्या कार्यालयात पत्र आलं. तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या मकबूल भटची सुटका आणि दहा लाख पौंड, या त्यातल्या मुख्य मागण्या. भारत सरकारला विचार करायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. दोनच दिवसांनी लेस्टरशरमधल्या एका शेतरस्त्यावर म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. त्यांना गोळी घालण्यात आली होती. ११ फेब्रुवारीला मकबूल भटला फाशी देण्यात आली.

इंग्लंडमध्ये तेव्हा युद्ध नव्हतं. म्हात्र्यांच्या बसमार्गावर कुणी वाळूची पोती रचली नव्हती आणि रचावीत असं कुणाला वाटलंही नसतं. संघर्ष होता काश्मीरमध्ये, आणि तो चालत त्यांच्या बसथांब्यापर्यंत आला. राजनैतिक अधिकाऱ्यांचं संरक्षण हा प्रश्न किती अवघड आहे ते या एका घटनेतून कळतं. ज्या देशात नेमणूक असते तिथली परिस्थिती मोजता येते. पण अधिकाऱ्याच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या देशाची सगळी भांडणंही असतात. आणि हल्लेखोर बहुधा सर्वांत कमी पहाऱ्यातला माणूस निवडतो.

हेच ज्युलिओ रिबेरो यांच्या वाट्याला आलं. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि पंजाबचे पोलीस प्रमुख राहिलेले रिबेरो रुमानियात राजदूत असताना, ऑगस्ट १९९१ मध्ये, बुखारेस्टला त्यांच्यावर खलिस्तानी बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, पण वाचले. पंजाबातली लढाई युरोपच्या एका राजधानीत त्यांना गाठायला आली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उलटा प्रकार घडला. दिल्लीत रुमानियाचे अधिकारी लिव्हियू राडू यांचं अपहरण झालं आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांची सुटका झाली. आपल्या माणसाचं संरक्षण दुसऱ्या देशाने करावं असं म्हणताना त्यांच्या माणसाचं संरक्षण आपल्या गल्लीत आपणच करायचं असतं, हे त्या वर्षाने दोन्ही देशांना दाखवलं.

फाटकाबाहेर थांबलेले पोलीस

या देवाणघेवाणीचा करार कागदावर आहे. १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्नात झालेल्या राजनैतिक संबंधांच्या कराराचं बाविसावं कलम सांगतं की दूतावासाची जागा अभंग आहे. यजमान देशाचा पोलीस दूतावासाच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू शकत नाही. पण त्याच कलमाने यजमानावर खास कर्तव्य टाकलं आहे, की या जागेत कुणी घुसू नये, तिचं नुकसान होऊ नये, तिची शांतता भंगू नये यासाठी सर्व योग्य उपाय त्यानेच करायचे. एकोणतिसावं कलम अधिकाऱ्याच्या शरीराला तेच कवच देतं. चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस या कलमांत तर युद्ध पेटलं, संबंध तुटले तरी अधिकाऱ्यांना सुखरूप निघू द्यायचं आणि मागे राहिलेल्या इमारतीची राखण करायची, असं बजावलेलं आहे. भारताने १९७२ मध्ये कायदा करून हा करार देशात लागू केला.

ही तरतूद प्रत्यक्षात कशी उभी राहते त्याचं एक उदाहरण मराठी माणसाच्या नावाशी जोडलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये आपले उच्चायुक्त होते. १३ फेब्रुवारी २०१३ रोजी मालदीवचे माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळण्यासाठी मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात आले आणि दहा दिवस तिथेच राहिले. बाहेर पोलिसांचा बंदोबस्त, नशीद यांचे समर्थक, कॅमेरे. आत एका लहानशा कार्यालयात एका देशाचा माजी अध्यक्ष. पोलिसांकडे वॉरंट होतं, पण फाटक ओलांडण्याचा अधिकार नव्हता. आणि तेच पोलीस त्या फाटकाचं रक्षणही करत होते. बोलणी झाल्यावर २३ फेब्रुवारीला नशीद बाहेर पडले.

अशी परिस्थिती पेलता येते ती यजमानाची सत्ता जागेवर असेल तोवरच. जिथे सरकारच डळमळीत आहे, पोलिसांनाच रोज बॉम्बला तोंड द्यावं लागतं, तिथे करारातलं कलम कोण पाळणार? तेव्हा दूतावासाला स्वतःचा पहारा न्यावा लागतो.

अंतर हेच चिलखत

काबूलमध्ये हा पहारा २००२ पासून भारत-तिबेट सीमा पोलिसांनी, म्हणजे आयटीबीपीने दिला. चीनशी युद्ध चालू असताना २४ ऑक्टोबर १९६२ रोजी हिमालयासाठी उभं केलेलं हे दल. उंची, थंडी आणि लहान तुकडीने दूरवर तग धरून राहणं ही त्याची सवय. तीच काबूलला कामी आली.

अशा दूतावासाची रचना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी असते. सर्वांत बाहेर यजमान देशाचे पोलीस, रस्ता अडवणारे अडथळे आणि गाडीला वेगच घेता येऊ नये म्हणून नागमोडी केलेली वाट. मग गाडी थांबवून तपासण्याची जागा: लांब दांड्याचा आरसा गाडीखाली फिरवायचा, बॉनेट आणि डिकी उघडायची, श्वान फिरवायचा. त्यापुढे आपले जवान, उंच भिंत, मोर्चे, छतावरचा टेहळ्या. इमारतीच्या आत काचांवर चिकटवलेली पातळ फिल्म असते, कारण स्फोटात बरीच माणसं उडालेल्या काचांनीच जखमी होतात. एक सुरक्षित खोली असते. गुप्त कागद आणि सांकेतिक यंत्रं कोणत्या क्रमाने नष्ट करायची ते आधीच ठरलेलं असतं. अधिकाऱ्याने रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने निघायचं नाही, हा साधा नियम सर्वांत जास्त जीव वाचवतो आणि सर्वांत लवकर कंटाळाही आणतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे अंतर. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. बॉम्ब भिंतीला टेकून फुटला तर इमारत कोसळू शकते; तोच पुरेशा अंतरावर फुटला तर खिडक्या जातात आणि माणसं वाचतात. म्हणून पहारेकऱ्याची सारी धडपड दोन पावलं जागा मिळवण्यासाठी असते. भर शहरातल्या जुन्या दूतावासाला नेमकी तीच मिळत नाही.

७ जुलै २००८ ची सकाळ. काबूलच्या दूतावासाबाहेर व्हिसासाठी रांग लागली होती. आपले लष्करी सल्लागार ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि परराष्ट्र सेवेतले अधिकारी व्ही. वेंकटेश्वर राव यांची गाडी फाटकातून आत शिरत असताना स्फोटकांनी भरलेली मोटार येऊन आदळली. मेहता, राव, फाटकावरचे आयटीबीपीचे जवान अजय पठानिया आणि रूप सिंह, तसंच दूतावासातले अफगाण कर्मचारी नियामतुल्ला मारले गेले. एकूण बळी ५८. बहुतेक सगळे अफगाण. व्हिसाच्या रांगेतले, शेजारच्या दुकानांतले, रस्त्यावरून जाणारे.

इमारत मात्र उभी राहिली. हल्ल्याच्या थोडेच आधी तिथे वाळू भरलेले अडथळे बसवले होते. तारेची जाळी आणि आत जाड कापड, अशी चौकोनी टोपली असते. ती घडी करून आणता येते आणि जागेवर फावड्याने माती-वाळू भरली की माणसाहून जाड भिंत तयार होते. वाळू स्फोटाचा जोर पिते आणि दगडी भिंतीसारखे तिचे तुकडे उडत नाहीत. त्या अडथळ्यांनी आतल्या कितीतरी माणसांचे प्राण वाचवले. पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २००९ ला, पुन्हा दूतावासाच्या भिंतीलगत मोटारबॉम्ब फुटला. १७ माणसं मेली, पण आतल्या भारतीयांपैकी कुणी दगावलं नाही. मजबूत केलेल्या भिंतीने आपलं काम केलं होतं. बाहेर रस्त्यावर असलेल्यांना तिचा आसरा नव्हता.

भिंत पक्की झाली की हल्लेखोर कच्ची जागा शोधतो. २६ फेब्रुवारी २०१० ला हल्लेखोरांनी भारतीय जिथे उतरत त्या काबूलच्या अतिथिगृहांवर हल्ला केला. तिथे लष्कराच्या वैद्यकीय सेवेतले मेजर लैशराम ज्योतीन सिंह यांनी निःशस्त्र असताना हल्लेखोराला मिठी घातली आणि सहकाऱ्यांचे जीव वाचवले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मग २०१३ मध्ये जलालाबाद, २०१४ मध्ये हेरात, २०१६ मध्ये मझार-ए-शरीफ इथल्या आपल्या वाणिज्य दूतावासांवर हल्ले झाले. हेरातला आयटीबीपीचे जवान आणि अफगाण दलांनी मिळून बंदूकधाऱ्यांना आत येऊ दिलं नाही. मझारला चकमक एक दिवस उलटून गेला तरी चालू होती, आणि बल्ख प्रांताचे गव्हर्नर अता मोहम्मद नूर स्वतः रायफल घेऊन मोर्च्यावर उभे होते. व्हिएन्नाच्या करारातलं ‘खास कर्तव्य’ यजमानाने बजावणं म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

दिघी आणि पाषाण

संत तुकाराम नगरच्या रहिवाशाला हे सगळं फार लांबचं वाटेल. पण या पहाऱ्याला लागणाऱ्या विद्येचा बराच भाग याच परिसरात तयार होतो. मेट्रोने पुण्याकडे निघालं की दापोडीजवळ सीएमई, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, लागतं. लष्कराच्या अभियंत्यांना इथे सुरुंग आणि स्फोटकं हाताळण्याचं शिक्षण मिळतं. भोसरीच्या पलीकडे दिघीला डीआरडीओची आर अँड डीई ही प्रयोगशाळा आहे. ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित यंत्र तिथलं. चाकांवर फिरणारं हे यंत्र जिने चढतं, लांब हाताने संशयित पिशवी उचलतं, क्ष-किरणांनी आत डोकावतं आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून बॉम्ब निकामी करतं. माणूस तेवढा वेळ दूर, आडोशाला राहतो. इथेही पुन्हा अंतरच कमवलेलं आहे.

पाषाणजवळच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने बनवलेली स्फोटक-शोधपेटी त्याहून साधी आहे. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगासारखी ती चालते. संशयित वस्तूवरून पुसून घेतलेला कणभर नमुना, त्यावर द्रावणाचे थेंब, आणि काही मिनिटांत रंग बदलतो. रंगावरून स्फोटक कोणत्या जातीचं ते कळतं. वीज नको, मोठं यंत्र नको. फाटकावरच्या शिपायाच्या हाती देता येईल असं साधन हेच खरं उपयोगी साधन.

निघण्याची वेळ

दूतावास राखण्याइतकंच तो बंद करणं अवघड असतं. लवकर बंद केला तर मागे राहिलेले नागरिक पोरके होतात, उशीर झाला तर अधिकारीच अडकतात. अफगाणिस्तानात आपण टप्प्याटप्प्याने मागे आलो. जुलै २०२१ मध्ये कंदाहारमधली भारतीय माणसं परत आणली, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मझारमधली. १५ ऑगस्टला काबूल पडलं. १६ तारखेला हवाई दलाचं सी-१७ विमान काही जणांना घेऊन निघालं. उरलेले रात्री गाड्यांच्या ताफ्याने विमानतळाकडे निघाले. चौक्याचौक्यांवर तालिबानची माणसं होती आणि काही किलोमीटरचं अंतर कापायला कित्येक तास लागले. १७ ऑगस्टला राजदूत रुद्रेंद्र टंडन, कर्मचारी आणि आयटीबीपीचे जवान दुसऱ्या सी-१७ ने जामनगरमार्गे हिंडनला पोहोचले. जवानांनी स्फोटकं हुंगणारे आपले तीन श्वानही, रुबी, माया आणि बॉबी, बरोबर आणले.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला लढाई पेटली ती थेट खार्टूमच्या विमानतळाभोवती, आपल्या दूतावासापासून जवळच. रस्त्यावर निघणंच जिवावरचं होतं. तिथे ‘ऑपरेशन कावेरी’ चालवताना दूतावासाच्या माणसांनी खार्टूममधून बसगाड्या जुळवल्या, पोर्ट सुदानला तळ हलवला आणि तिथून नौदलाच्या जहाजांनी व विमानांनी लोक जेद्दाहला पोहोचवले. वादी सैदनाच्या धावपट्टीवर तर हवाई दलाचं सी-१३० विमान रात्री, दिव्यांशिवाय, वैमानिकांनी अंधारात पाहण्याचे चष्मे लावून उतरवलं आणि १२१ जणांना घेऊन निघालं. एकूण ३,८६२ लोक या मोहिमेत बाहेर आले.

काबूलची गोष्ट १७ ऑगस्टला संपली नाही. जून २०२२ मध्ये भारताने तिथे ‘तांत्रिक पथक’ पाठवलं, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने एक गोष्ट नमूद केली. मधल्या काळात दूतावासाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी काम चालू ठेवलं होतं आणि आपल्या वास्तूची देखभाल केली होती. राजदूत, जवान, श्वान सगळे गेल्यावर ती इमारत दहा महिने अफगाण माणसांनी सांभाळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला.

पहारा कुणाचा, कुणासाठी

या सगळ्या घटना शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. हल्ल्यात बळी पडणारे क्वचितच राजदूत असतात. बसने घरी जाणारा मधल्या फळीतला अधिकारी, फाटक उघडणारा जवान, स्थानिक कर्मचारी, व्हिसाच्या रांगेत पहाटेपासून उभा असलेला परका माणूस, हे त्यात जातात. आपल्या सुरक्षेच्या चर्चा मात्र भिंतीची उंची आणि बंदुकीची जात यांवर थांबतात. रांगेतल्या माणसासाठी भिंतीच्या आतल्या बाजूला जागा करणं, स्थानिक कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला आपल्या माणसाइतकीच भरपाई आणि गरज पडली तर आपल्या देशात आसरा देणं, कनिष्ठ अधिकाऱ्याच्या घर ते कार्यालय या प्रवासाची काळजी घेणं, याला सरकारने पहाऱ्याचाच भाग मानलं पाहिजे. त्यासाठीचा खर्च सुरक्षेच्याच खात्यात मांडायला हवा.

दूतावासाभोवती कितीही उंच भिंत बांधली तरी त्याला एक दार ठेवावंच लागतं, कारण तो ज्यांच्यासाठी आहे ती माणसं त्या दारातूनच येतात. पहारा द्यायचा तो ते दार उघडं ठेवण्यासाठी. ते बंद झालं तर खारकीव्हच्या बंकरमधल्या मुलाला, खार्टूममध्ये अडकलेल्या चाकणच्या तंत्रज्ञाला कुणाचं दार ठोठावता येईल?

वाचकांपैकी अनेकांच्या घरातलं कुणीतरी या दिवाळीत परदेशी असेल. त्यांना एक काम सांगा. पोहोचल्या दिवशीच तिथल्या भारतीय दूतावासात नाव, पत्ता, फोन नंबर नोंदवा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार करता येते, हेही सांगा. युद्ध पेटल्यावर दूतावासातला माणूस जीव धोक्यात घालून तुम्हाला शोधायला निघतो. त्याच्याकडे तुमचा पत्ता असला तर त्याचे तास वाचतात, आणि कदाचित त्याचाही जीव वाचतो.